शेतकऱ्याचे आत्मवृत्त कुठे गेले?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण आमच्या भाच्याशी आहे, पण तो एकटाच दोषी नाही म्हणून चारचौघांत मांडते. घरचे लोक हे वाचतात, भाचाही वाचतो, तेव्हा पाठीमागे बोलले असं कुणी म्हणू नये.

विषय ऐकून काहीजण पळ काढतील. एका संगणकावरच्या फायलींचे पत्ते दुसऱ्या संगणकाला समजतील असे कसे बदलायचे, हा तो विषय. ज्यांना 'पाथ' माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फाइल कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, कुठल्या पिशवीत आहे ते ओळीने लिहिलं की तो झाला पाथ. मी मराठीची बी.ए., नोकरीभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. या विषयात नाक खुपसायचा अधिकार मला ३७ पानांनी दिला. ती गोष्ट आधी सांगते.

आमच्या शाळेत दरवर्षी मुलांचं हस्तलिखित निघायचं. निवृत्तीनंतर त्या जुन्या अंकांची पानं स्कॅन करायला घेतली. १९९० पर्यंतचे अंक मी माझ्या विंडोजवाल्या संगणकावर केले, पुढचे पुतणीने तिच्या जुन्या मॅकवर. प्रत्येक फायलीला त्या लेखाचंच नाव दिलं, मराठीत. सूची मी एकटीने टंकली : डी:\हस्तलिखित\१९९६\ आणि पुढे लेखाचं नाव. मग सगळं सामान एका माजी विद्यार्थ्याच्या लिनक्स सर्व्हरवर गेलं आणि भाच्याने छोटा प्रोग्रॅम लिहून सूची आणि पानं जोडून दिली. प्रोग्रॅमने शेवटी ऐटीत लिहिलं, 'काम पूर्ण झाले'. मीही पेढे वाटले.

महिन्याभराने १९९६ च्या नववीतल्या एका मुलाचा फोन. मुलगा कसला, आता पंचेचाळिशीचा बाप्या, गावी शेती करतो. "बाई, माझा निबंध नाही हो त्यात. मुलीला दाखवायचा होता." निबंध होता 'शेतकऱ्याचे आत्मवृत्त'.

मी शोधलं. खरंच नव्हता. सूची घेऊन बसले आणि एकेक ओळ पडताळली. १२१२ पानांपैकी ३७ गायब! भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, त्यात विशेष काही नसतं. विंडोजचा बॅकस्लॅश काढून तिथे स्लॅश टाकला, 'डी:' उडवला, झालं. तुझंच काहीतरी टायपिंग चुकलं असेल."

नातेवाइकांनो, मी चाळीसएक वर्षं दुसऱ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आहेत. माझंच टायपिंग चुकलं म्हणे!

आता या 'झालं' शब्दावरच माझा आक्षेप आहे. मराठीत 'घोडा'ला 'ला' जोडला की 'घोडाला' होत नाही, 'घोड्याला' होतं. प्रत्यय जोडण्याआधी मूळ शब्दाचं सामान्यरूप करावं लागतं, हे आम्ही पाचवीच्या पोरांना शिकवतो. पाथचंही तसंच आहे. रेघेची दिशा बदलणं म्हणजे नुसता प्रत्यय चिकटवणं. आतल्या शब्दाचं काय होतं ते कोण बघणार?

मुळात ही दोन रेघांची भानगड आली कुठून? युनिक्स १९७० च्या आसपास बेल लॅब्जमध्ये घडली, तिने फोल्डर वेगळे करायला / घेतला. पुढे १९८१ मध्ये डॉस आली तेव्हा तिच्यात फोल्डरच नव्हते. / हे चिन्ह तिथे आज्ञेपुढे सूचना जोडायला वापरून टाकलेलं. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पाहतात तो जागा अडलेली. मग शेजारचा \ घेतला. जुन्या मॅकवर तर २००१ मध्ये नवी प्रणाली येईपर्यंत चक्क विसर्गासारखा कोलन होता. म्हणजे हा मतभेद तत्त्वाचा नव्हता, जागेच्या अडचणीचा होता. चाळीस वर्षं आपण त्याचं भाडं भरतोय.

बरं, नुसती रेघ बदलून काय काय बिघडतं ते पाहा.

लिनक्सवर फायलीच्या नावात बॅकस्लॅश चालतो, तिथे तो साधं अक्षर आहे. सरसकट बदलाल तर एखाद्या नावाचे दोन तुकडे होऊन त्यातला एक फोल्डर होऊन बसेल. उलट बाजूने, बॅकस्लॅशवाला पाथ प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहिला आणि पुढचं फोल्डर रोमन लहान 'एन' ने सुरू होत असेल, तर बऱ्याच भाषा त्या दोन चिन्हांचा अर्थ 'नवी ओळ' असा घेतात. पत्त्याच्या मधोमध ओळ तुटते.

लिनक्सला रोमन लिपीतली लहान आणि मोठी अक्षरं वेगळी वाटतात, विंडोज आणि मॅक सहसा ती एकच मानतात. आपल्या लिपीत हा भेद नाही, तरी नावाची शेपटी रोमन असते ना! कुणी 'जेपीजी' मोठ्या लिपीत लिहिलं, कुणी लहान. लिनक्सवर त्या दोन फायली, विंडोजवर उतरवताना एकीवर दुसरी बसणार.

आणि काही नावं तर बदलताच येत नाहीत. विंडोज नावात प्रश्नचिन्ह घेत नाही. 'पाऊस आला का?' हा निबंध लिनक्सवर सुखाने नांदेल, विंडोजवर त्या नावाने जन्मालाच येणार नाही. तिथे तुमची रेघ काय करणार? तिथे माणसाने ठरवावं लागतं, आणि काय ठरवलं ते नोंदवावं लागतं.

आता माझ्या ३७ पानांकडे येते. यादी काढून समोर ठेवली. शेतकऱ्याचे आत्मवृत्त. वारकऱ्यांची दिंडी. आमचे गावकऱ्यांसोबत श्रमदान. सह्याद्रीच्या दऱ्या. आजीच्या पुऱ्या... पाचव्या-सहाव्या नावाला माझ्या डोक्यात दिवा लागला. प्रत्येक नावात 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह'! एकाही नावाचा अपवाद नाही. आणि सगळी पानं १९९० नंतरची, पुतणीच्या मॅकवरची.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक फळ्यावर किती वेळा लिहिला असेल मी! हा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : अखंड एक अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी फोड करून. दिसायला दोन्ही सारखे, आणि युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान. मॅकची जुनी साठवण पद्धत, २०१७ पर्यंत चालत आलेली, नावातल्या अशा अक्षरांची फोड करूनच ठेवायची. पुतणीने झिप करून पाठवलं ते तसंच लिनक्सवर उतरलं. माझ्या सूचीत मात्र अखंड ऱ. मोजून बघा, 'शेतकऱ्याचे' या शब्दात काने, मात्रे, हलन्त धरून माझ्याकडे १० चिन्हं, पुतणीकडे ११. लिनक्स नावं बाइटला बाइट लावून बघतं, त्याला ते दोन वेगळे शब्द वाटले. रोजच्या मराठीत अशी फोड होणारं अक्षर बहुधा हे एकच, आणि नेमकी तेवढीच पानं गळली. शेतकरी, वारकरी, गावकरी, सगळे दाराबाहेर. कुणाला पत्ता नाही!

भाचा हे ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणूनच सांगतो मावशी, फायलींना इंग्रजीत नावं देत जा."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. चूक तुमच्या प्रोग्रॅमची आणि भाषा बदलायची मी? नवीन कारकुनाला मोडी वाचता येत नाही म्हणून दप्तर जाळायचं का? त्याच्या बाजूचं जे खरं आहे ते मी मान्य करते. पानांना नुसते क्रमांक द्यावे आणि शीर्षक सूचीत ठेवावं, ही पद्धत चांगली आहे. ग्रंथालयात पुस्तकाला दाखल क्रमांक असतोच. नावाच्या लांबीचीही अडचण आहे : लिनक्सवर नाव साधारणपणे २५५ बाइटांचं, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे आपल्याला फक्त ८५ चिन्हं. पण क्रमांक द्यायचे हे मी ठरवीन, माझ्या सोयीसाठी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आळस केला म्हणून नव्हे.

आणि आळसच आहे हो तो. सगळी साधनं तयार आहेत. पायथन भाषेत २०१४ पासून 'पाथलिब' आहे. तिला सांगायचं की हा विंडोजचा पाथ आहे, ती लिनक्सवर बसूनसुद्धा त्याचे ड्राइव्ह, फोल्डर, नाव असे नीट पदच्छेद करून देते. साठवताना पाथ मूळ फोल्डरपासूनचा, सापेक्ष ठेवावा म्हणजे 'डी:' चा प्रश्नच उरत नाही. रेघ / हीच ठेवावी, विंडोजच्याही बहुतेक प्रोग्रॅमांना ती चालते. नावं ताडून बघण्याआधी दोन्ही बाजूंची युनिकोडच्या एकाच रूपात मांडणी करावी, त्याचीही सोय पायथनमध्ये आहे. एक सावधगिरी मात्र हवी. काहीजण 'ऱ्य' साठी साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असं टंकतात. ते या मांडणीने एक होत नाही, त्याची वेगळी तजवीज करावी लागते.

पण या सगळ्यापेक्षा माझा खरा राग त्या 'काम पूर्ण झाले' वर आहे. फाइल सापडली नाही तर प्रोग्रॅमने काय केलं? पुढे गेला. गुपचूप! वर्गशिक्षकाने हजेरी घेताना ३७ पोरं दिसली नाहीत म्हणून त्यांची नावंच वगळायची आणि मुख्याध्यापकांना 'सर्व हजर' लिहून द्यायचं, असला प्रकार. चूक होणं मी समजू शकते. पत्ता सापडला नाही तर तसं ओरडून सांगा, यादी द्या. त्या शेतकऱ्याने फोन केला नसता तर मी पेढे वाटून मोकळी झाले होते.

असो. भाच्याने रविवारी बसून प्रोग्रॅम दुरुस्त केला, हे न्यायाने सांगायला हवं. ३७ पैकी ३५ पानं लागली. दोन पानांत ते न दिसणारं जोडचिन्ह निघालं, आणि ते मीच टंकलेलं होतं. म्हणजे माझंही टायपिंग दोनदा चुकलं होतं. घ्या, कबूल केलं. :) बाप्याने मुलीला निबंध वाचून दाखवला. तिने विचारलं म्हणे, "बाबा, यात एवढं खोटं का लिहिलंय?" तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तुमच्यापैकी जे प्रोग्रॅम लिहितात त्यांना एक गृहपाठ. या लेखाचं शीर्षक फायलीचं नाव म्हणून घ्या. त्यात ऱ आहे, शेवटी प्रश्नचिन्ह आहे. ती फाइल लिनक्सवरून विंडोजवर आणि परत न्या. तुमचा प्रोग्रॅम काय म्हणतो ते खाली प्रतिक्रियेत लिहा. 'काम पूर्ण झाले' म्हणाला तर आधी मोजून बघा.