तळ परक्यांचा, माणूस आपला

आखातातील नोकरी आचोळे, नालासोपारा, वसई या पट्ट्यातील कुटुंबांना नवी नाही. मात्र त्या नोकरीच्या एका प्रकाराचा विचार घरी क्वचितच होतो. कुवेतमधील आरिफजान, कतारमधील अल उदैद हे अमेरिकी लष्कराचे तळ. तेथील भोजनगृह, धुलाई, वाहतूक, दुरुस्ती ही कामे कंत्राटदारांकडे असतात आणि त्यांचे अनेक कामगार दक्षिण आशियातून येतात. सैनिकी गणवेश नसलेली ही माणसे नेमकी कोठली रहिवासी?

तळावर राबल्याने अमेरिकेत वास्तव्याचा हक्क मिळत नाही. यजमान देशाचा वास्तव्य परवाना मालकाशी, म्हणजे कफीलाशी बांधलेला. नोकरी गेली की तोही धोक्यात. भारतातही दोन कायद्यांची दोन मापे आहेत. परकीय चलनविषयक १९९९ च्या ‘फेमा’ कायद्यानुसार नोकरीसाठी देश सोडताच माणूस अनिवासी ठरतो व त्याचे बँक खाते बदलून घ्यावे लागते. प्राप्तिकर मात्र दिवस मोजतो. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात काढलेला माणूस त्या वर्षी रहिवासी. म्हणजे नोव्हेंबरमध्ये निघालेल्याचे मार्चपर्यंतचे परदेशी वेतनही येथील हिशेबात येते!

खरा प्रश्न पैशापुरता नाही. २००४ मध्ये कुवेती वाहतूक कंपनीच्या तीन भारतीय चालकांचे इराकमध्ये अपहरण झाले. १ सप्टेंबरला ते सुटले. प्रत्येकाचे नशीब इतके बलवत्तर नसते. १९४१ च्या अमेरिकी ‘डिफेन्स बेस अ‍ॅक्ट’नुसार अशा तळांवरील कंत्राटी कामगाराचा, तो कोणत्याही देशाचा असो, विमा उतरवणे कंत्राटदारावर बंधनकारक आहे. मृत्यू झाल्यास वारसांना भरपाई मिळते. मात्र दावा सर्वसाधारणपणे वर्षभरात करावा लागतो. अमेरिकेत वास्तव्य नसलेल्या परकीयाची पुढील भरपाई निम्म्या मूल्यावर एकरकमी मिटवण्याची मुभाही तोच कायदा देतो. घाम सारखाच, धोका सारखाच. मोल मात्र वास्तव्याच्या दर्जावर!

परक्या देशाचा कायदा आपण बदलू शकत नाही. आपल्या माणसाचे अज्ञान दूर करू शकतो. परदेशी धाडण्यापूर्वी करारातील कंत्राटदार, तळ, विमा व वास्तव्याची कलमे मराठीत समजावून देणे भरती एजंटांवर शासनाने बंधनकारक करावे. कार्यकर्त्यांनीही वस्तीतील अशा घरांत जाऊन करार, पारपत्र व परवान्याच्या प्रती घरी ठेवल्या आहेत का, हे आपुलकीने विचारावे. पाठवलेल्या पैशाचे कौतुक सर्वांनाच असते. पाठवणाऱ्याच्या सुरक्षिततेची काळजी वाहणे, हे समाजाचे कर्तव्य आहे.