बंद फ्लॅट आणि महिन्याचे 1,666 रुपये



मागच्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना एका ओळखीच्या बाईंनी मला बाजूला घेतले. "तुमचा वन बीएचके भाड्याने दिलात म्हणे, आणि तोही तसल्या मुलींना?" 'तसल्या' म्हणजे कसल्या, हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही. तिथे पायऱ्यांवर उत्तर देता आले नाही, म्हणून इथे लिहिते.

गेल्या वर्षी आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंची भाची लातूर जिल्ह्यातून पुण्यात बी.एस्सी.ला आली. सरकारी वसतिगृहात तिचा नंबर लागला नाही. अनुसूचित जातीच्या अशा मुलामुलींसाठी राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पालकांचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल, तर पुण्या-मुंबईसारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाचे 60,000 रुपये मिळतात. त्यात जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000 आणि किरकोळ खर्चाचे 8,000.

ऐकायला रक्कम बरी वाटते. पण मी बी.कॉम. झालेली, भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. 20,000 भागिले 12 म्हणजे महिन्याला 1,666 रुपये. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत चौघींत एक खाट, तिला कोणी साडेचार हजारांच्या खाली बोलेना. शिवाय योजनेचे पैसे हप्त्याने खात्यात येतात आणि भाडे मात्र पहिल्या तारखेला द्यायचे असते. अर्जाला भाड्याचा कागद जोडायचा, तर मालकीणबाई म्हणणार, "करार-बिरार नाही हं, रोख द्यायचे."

ताईंना सुट्टी मिळेना, म्हणून दोन दुपारी मी तिच्याबरोबर फिरले. एक घर आपल्यापैकीच होते. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे शाकाहारीच लागतं." मुलगी म्हणाली, "मावशी, मी मेसमध्ये जेवीन, घरात काही करणार नाही." मग पुढचा प्रश्न आला, "आडनाव काय?" तिने सांगितले. "बरं, कळवते," म्हणाल्या आणि पाण्याचा पेलाही न विचारता दार लावले. जिना उतरताना ती माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण माझ्या पर्समध्ये दोन वर्षांपासून बंद असलेल्या आमच्या फ्लॅटची किल्ली होती. भाडेकरूची कटकट नको, मुलगा परत आला तर लागेल, असे म्हणून तो बंद ठेवलेला.

मला वाटते, 'शाकाहारी' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक माझ्या स्वयंपाकघराचा नियम. तो मी सांगू शकते, समोरच्याने पाळायचा की घर सोडून द्यायचे ते तो ठरवील. दुसरा अर्थ आडनाव विचारण्याआधीची गाळणी. तिला अहिंसेचे नाव देऊ नये.

माझे वडील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. सांगलीजवळच्या खेड्यातला मुलगा, शहरात खोली घेण्याची ऐपत नव्हती. कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगे उभी राहिली ती शाहू महाराजांनी जागा आणि अनुदान दिले म्हणून. म्हणजे राहण्यासाठी सरकारी मदत आपल्या घरात तेव्हाच येऊन गेली. त्याच जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे 1924 मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. कर्मवीर आपले म्हणून आपण अभिमानाने सांगतो, त्यांची पंगत मात्र सांगत नाही.

आणि आजही मदत घेतोच की. माझा मुलगा बंगळूरला भाड्याने राहतो आणि जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्यावर करसवलत घेतो. ती काही हजारांची सवलत कोणाला मदत वाटत नाही, आणि या मुलीचे 1,666 तेवढे 'सरकारचे फुकटचे'!

तर फ्लॅट दिला. तिला आणि तिच्यासारख्या दोघींना, तिघींत मिळून 6,000. यजमान आधी नाराज होते. सोसायटीच्या चिटणीसांनी "कमिटीत विचारायला हवे होते" म्हटले, तेव्हा मी त्यांना नोंदणी केलेल्या कराराची आणि पोलिसांत दिलेल्या माहितीची प्रत दिली. त्यानंतर शांत. 2,100 मेंटेनन्स जाऊन हातात 3,900 उरतात. बाजारभावाने जास्त मिळाले असते, हे खरे. पण दोन वर्षे शून्य मिळत होते, शिवाय मेंटेनन्स खिशातून जात होता.

स्वयंपाकघराची अट मी घातली. अंडेही नको, म्हटले. मुली पाळतात. त्यातली एक फेब्रुवारीत आजारी पडली, डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली आणि ती मेसमध्ये जाऊन खाऊन आली, ताप असताना. ते मला नंतर कळले. ती अट ठेवावी की नाही, माझे अजून ठरलेले नाही.

कराराची भीती मात्र काढून टाका. लिव्ह अँड लायसन्सचा करार घरबसल्या ऑनलाइन होतो. अकरा महिन्यांचे भाडे 66,000, त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे 165 रुपये, अनामतीमुळे थोडे वाढले तरी दोनशेच्या आत. नोंदणी फी 1,000, वर हाताळणीचा किरकोळ खर्च. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, भाडेकरूची नाही. चुकवली तर 5,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाड्याच्या उत्पन्नातून प्राप्तिकरात तीस टक्के सरसकट वजावटही मिळते, मग लपवायचे कशाला?

लवकरच कॉलेजांचे प्रवेश सुरू होतील. ताईंच्या ओळखीच्या आणखी दोन मुली खोली शोधत आहेत, एक नांदेडची, एक सोलापूरची. कोणाकडे बंद खोली असेल तर मला फोन करा. आणि करारात मुलीचे नाव आधारकार्डावर आहे अगदी तसेच लिहा, आमच्या वेळी एका वेलांटीपायी अर्ज परत आला होता.