लाजेपोटी काही ठरवू नका

शाळेतल्या वर्गाचा तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी त्यात काय काय पडलं, आठवून बघा. गुणपत्रिकांचे स्क्रीनशॉट, पेढ्यांचे फोटो, ‘अभिनंदन भावा’. आणि त्याच संध्याकाळी अमुक ‘लेफ्ट’, तमुक ‘लेफ्ट’ अशाही दोन-तीन ओळी आल्या असतील. का गेले, हे कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आता प्रवेशाचे दिवस आहेत आणि या पानावर आज त्या लेफ्ट झालेल्यांबद्दलच बोलायचं आहे. ते काही दूरचे नाहीत. तुमच्यातलेही काही जण पुरवणी परीक्षा देऊन, एक-दोन वर्षं मागे पडून आज वर्गात बसलेत. कुणाचा धाकटा भाऊ, कुणाची चुलत बहीण याच क्षणी घरात मान खाली घालून बसली असेल. आणि वस्तीवरचं कॉलेजात जाणारं जवळचं माणूस म्हणून तिला सल्ला द्यायची वेळ तुमच्यावर येईल.

नापास झाल्यावर, किंवा कसेबसे अडतीस-चाळीस टक्के पडल्यावर, पुढे कॉलेज करायचं की नाही हा शांतपणे विचार करून सोडवायचा प्रश्न आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा लाज सोडवते, आणि दोन्ही बाजूंनी चुकीचा सोडवते. एक जण ‘आता कोणत्या तोंडानं कॉलेजात जायचं’ म्हणून पुण्याची गाडी पकडतो. दुसरा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून जवळच्या कॉलेजात नाव टाकतो आणि तीन वर्षं वर्गात फिरकत नाही. पहिल्याला शिकायचं होतं, दुसऱ्याला नव्हतं. दोघांनाही कुणी विचारलंच नाही.

आधी कारण शोधा

गुणपत्रिका किती मार्क पडले ते सांगते. का पडले, ते सांगत नाही. पुढचा निर्णय मात्र त्या ‘का’वर अवलंबून असतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलंच बघा. वसमत, कळमनुरी, औंढा या भागात हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल चालते. बोर्डाची परीक्षाही नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्या घरात मजूर लावायला पैसे नाहीत, तिथलं पोरगं पेपरच्या आदल्या दिवशीही कढईपाशी असतं. ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांची लेकरं आजीपाशी राहून स्वयंपाक, धुणं, गुरं सांभाळून अभ्यास करतात. अशा मुलाला गणितात २८ पडले, तर त्याला गणित येत नाही एवढाच अर्थ त्यातून निघतो का? त्याला वेळच मिळाला नाही, असाही निघतो. पुढच्या वर्षी वेळ मिळाला, तर निकाल वेगळा लागू शकतो.

दुसरं कारण चुकीच्या शाखेचं. दहावीला बरे मार्क पडले की सायन्स, सायन्स घेतलं की नांदेड किंवा लातूरचे क्लासेस आणि नीट, हा आपल्याकडचा ठरलेला रस्ता. मुलाला काय आवडतं हे रस्ता ठरल्यावर कळतं. फिजिक्समध्ये अडकलेलं पोरगं कदाचित इतिहासात, अकाउंटमध्ये, नाहीतर मोटार उघडून बसण्यात हुशार असेल. त्याला पुन्हा त्याच क्लासला रिपीटर म्हणून पाठवणं म्हणजे चुकलेल्या एसटीतच आणखी पुढचं तिकीट काढणं.

तिसरं कारण आपण सहसा बोलत नाही: अभ्यासच केला नाही. मोबाइल होता, मित्र होते, वर्ष कसं गेलं कळलं नाही. हेही कारणच आहे आणि ते स्वतःशी खरं बोलल्याशिवाय सापडत नाही. ते सापडलं नाही, तर कॉलेजात गेल्यावरही तेच होणार.

तेव्हा एका कागदावर लिहून काढा: यातलं माझं कारण कोणतं? पहिलं असेल तर परिस्थितीवर उपाय शोधायचा आहे. दुसरं असेल तर शाखेवर. तिसरं असेल तर सवयीवर. आपण मठ्ठ आहोत हा निष्कर्ष या तिन्हीतून निघत नाही.

७५० पैकी २८२

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ गुण. म्हणजे अडतीस टक्केही नाहीत. त्याचं नाव भीमराव आंबेडकर.

हा आकडा सोशल मीडियावर फिरतो आणि त्याखाली ‘मार्कांना काही किंमत नसते’ असं लिहिलेलं असतं. असा अर्थ काढणं बाबासाहेबांवरच अन्याय आहे. त्यांच्याइतकी परीक्षा आणि पदवी गंभीरपणे घेणारी माणसं थोडी. खरं बघायचं ते निकालानंतर काय झालं हे. अडतीस टक्क्यांच्या आतल्या त्या निकालासाठी सत्काराची सभा भरली. सी. के. बोले अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात दिलं. पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण आली, तेव्हा त्याच केळुसकरांच्या खटपटीनं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात होता.

आकडा तोच ठेवा आणि सभा, पुस्तक, शिष्यवृत्ती काढून टाका. मग काय झालं असतं? आपल्या गावातल्या ‘लेफ्ट’ झालेल्या पोराकडे आकडा आहे. बाकीचं कुणी दिलेलं नाही.

याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठही नव्हतं. ते १९५८ साली आलं. त्याआधी पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे बघावं लागे. १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला सुरू झालं आणि आज हिंगोलीच्या आदर्श महाविद्यालयापासून वसमतच्या बहिर्जी स्मारकपर्यंत पाचही तालुक्यांत कॉलेजं आहेत. पणजोबांना जे हैदराबादला होतं, ते तुमच्या एसटीच्या पासवर येऊन ठेपलंय. जवळ आलं म्हणून घ्यायलाच पाहिजे असं नाही. पण ‘आपल्यासाठी नाही’ म्हणून सोडायचंही कारण नाही.

पदवी कशाला हवी आहे?

इथे सरळ हिशेब करा. पोलीस शिपाई व्हायचंय? बारावी पास लागते. अग्निवीर जनरल ड्युटीला दहावी लागते, पण एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ असावे लागतात. तलाठी, एमपीएससीची राज्यसेवा, यूपीएससी, बँकेची पीओ परीक्षा यांना पदवी हवी. यूपीएससीला आणि राज्यसेवेच्या बहुतेक पदांना पदवीत किमान टक्क्यांची अटही नाही. दहावीत किती होते, बारावीला किती वेळा बसलात, याची पात्रतेत अडचण येत नाही.

पण बीएड करून शिक्षक व्हायचं असेल, तर पदवीला साधारण ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. प्राध्यापकीसाठीच्या नेटला एमएला ५५ हवेत, राखीव प्रवर्गांना ५०. म्हणजे बारावीचे अडतीस टक्के एखाद्या वेळी माफ होतात, पदवीचे होत नाहीत. ज्याला नुसतं नाव टाकून तीन वर्षं काढायची आहेत, त्यानं हे आधीच समजून घ्यावं. त्या तीन वर्षांत हातात कला आली असती, चार पैसे आले असते. कोरी पदवी घेऊन एकविसाव्या वर्षी चौकात उभं राहणं हे अठराव्या वर्षीच्या नापासापेक्षा महाग पडतं.

म्हणून तीन प्रश्न. मला पुढे जे करायचंय त्याला पदवी लागते का? लागत असेल तर कोणत्या विषयाची आणि किती टक्क्यांची? आणि या तीन वर्षांचा खर्च, प्रवास, घरकाम यांचं गणित घरात कुणाशी बोलून जुळवलंय का? तिन्हींची उत्तरं असतील, तर पूर्वी कितीदाही नापास झालेले असा, बेधडक प्रवेश घ्या. नसतील, तर एक वर्ष थांबलात म्हणून आभाळ कोसळत नाही. गॅप पडला की प्रवेश मिळत नाही, ही अफवा आहे. मधल्या काळाचं प्रतिज्ञापत्र देऊन प्रवेश घेता येतो.

वाटा एकापेक्षा जास्त आहेत

दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. शाळा अर्धवट सुटली असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना आयटीआयमध्ये दहावी नापास मुलंही घेतात. दहावी पास होऊन दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला, तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआयला गेलात म्हणून विद्यापीठाचं दार लागलं असं होत नाही. ते बाजूनं उघडतं, आणि आत जाताना तुमच्या हातात काम असतं.

औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया प्रयोगशाळेला २०२३ मध्ये केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली. खर्च सुमारे २६०० कोटी. अमेरिकेतल्या लायगोत चार-चार किलोमीटर लांबीच्या ज्या दोन भुजा आहेत, त्या स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंग केलेल्या नळ्या आहेत. त्यातला जोड जरासा जरी गळका निघाला, तर पुढे बसलेल्या पीएचडीवाल्याला काही दिसणार नाही. वेल्डर म्हणजे शिक्षणातून उरलेला माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ज्यांना काम सोडता येत नाही त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नियमित कॉलेजांतही नव्या शैक्षणिक धोरणानुसार ठरावीक क्रेडिट पूर्ण केल्यास पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन थांबता येतं आणि मुदतीत परतही येता येतं. मध्येच सुटलं तर सगळंच गेलं, ही भीती आता पूर्वीइतकी खरी नाही.

एक सावधगिरी. खचलेल्या मुलांना हेरणारे लोक आहेत. ‘एका वर्षात पदवी’, ‘परीक्षा न देता पास’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे देऊ नका. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर असते. आधी ती बघा.

मुलींचा हिशेब वेगळा होतो

मुलगा नापास झाला तर पुढच्या वर्षी परीक्षा. मुलगी नापास झाली तर पुढच्या वर्षी लग्न. कटू आहे, पण आपल्या गावांत हे रोज घडतं. तिच्या बाबतीत कॉलेजचा निर्णय म्हणजे नुसत्या करिअरचा निर्णय नसतो. आणखी चार वर्षं स्वतःच्या नावानं जगायला मिळणार का, हा तो प्रश्न असतो. म्हणून तिनं पुरवणीचा फॉर्म भरला की नाही, हे सगळ्यात आधी बघा. घरचे फीचं कारण सांगत असतील, तर २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हे त्यांना सांगा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला त्याहून मोठी सवलत आहे. कारण पैशाचं असेल तर उत्तर आहे. पैशाचं नसेल, तर निदान ते उघडं तरी पडेल.

आता तुमचं काम

तुम्ही कॉलेजात आहात. प्रवेश अर्ज कसा भरायचा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीला कोणती कागदपत्रं लागतात, कोणते सर मनापासून मदत करतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या ‘लेफ्ट’ झालेल्याच्या घरात हे कुणालाच माहीत नाही. त्याला भाषण नको आहे. ‘यशस्वी माणसं नापास झालेली असतात’ हेही नको आहे. त्याच्यासोबत सेतू केंद्रावर एक दुपार उभं राहणारं कुणीतरी हवं आहे.

तो ग्रुप आज पुन्हा उघडा. कोण कोण बाहेर पडलंय ते बघा. मेसेज टाकू नका, फोन करा. निकालाबद्दल पहिल्यांदा काही विचारू नका. जेवला का, कुठं आहेस, एवढंच विचारा. मन फार जड झाल्याचं बोलण्यातून जाणवलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर त्याला द्या. मग चार दिवसांनी भेटा आणि तो कागद काढा: कारण कोणतं, पुढे काय करायचंय, त्याला काय लागतं.

कदाचित तो म्हणेल, कॉलेज नको, आयटीआय करतो. करू द्या. कदाचित म्हणेल, पुरवणी देऊन बीएला येतो. तर जागा धरून ठेवा. त्यानं काय ठरवलं यापेक्षा ते मान वर करून ठरवलं, हे जास्त महत्त्वाचं आहे.