गोरोबाकाकांचं थापटणं

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं थापटणं पाहिलं आणि विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. ती म्हणाली, मग आमचीही मडकी पाहा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. ही कथा आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. नामदेव भक्तीत उणे नव्हते, विठ्ठल त्यांच्याशी बोलायचा. त्यांना कुणी तपासावं, हेच त्यांना सोसलं नाही.

यंदाचा अंक आरोग्यसेवेवर काढताना ही कथा डोक्यातून जाईना. धाराशिवला २०२२-२३ पासून १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या पोरांनी डॉक्टर व्हायला लातूर-सोलापूरच गाठावं, असं आता राहिलं नाही. शिवाय २०१९ पासून देशभरातला वैद्यकीय अभ्यासक्रम क्षमतेवर बेतलेला आहे. नुसतं लिहून भागत नाही, करून दाखवावं लागतं. म्हणजे थापटणं आलंच; फक्त ते एका वेळी एकाच मडक्यावर पडतं.

बाळंतपणाच्या खोलीत काय होतं बघा. बाळ रडलं नाही तर पहिलं मिनिट मोलाचं. सिस्टर बाळ पुसून कोरडं करते, गरज पडली तर मास्क लावून श्वास देते. त्याच वेळी आईचं रक्त थांबत नसेल, तर डॉक्टर तिकडे गुंतलेले. कुणी इंजेक्शन भरतं, कुणी रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावतं. यातला प्रत्येक जण आपापल्या परीक्षेत पास झालेला असतो. पण एकत्र सराव किती जणांनी केलेला असतो? ‘सर, रक्त जास्त जातंय’ हे मोठ्यानं म्हणायची नवख्या सिस्टरची छाती कुठल्या पेपरात तपासतात?

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी दिली. तिच्यात एक गमतीची सूचना आहे: चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. रोजचीच माणसं, कसली ओळख? पण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे चूक दिसली तर गप्प बसत नाही, हे त्यामागचं शहाणपण.

आपल्याला हे नवं वाटायला नको. भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले. निरक्षर, दलित बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका केलं, त्यांच्यासोबत बसून शिकले आणि शिकवलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. आपल्याच तुळजापूर तालुक्यात, अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायकांमधून ‘भारतवैद्य’ उभ्या केल्या. दोन्हीकडे डॉक्टर पायरी उतरून खाली आले, म्हणून बाई बोलती झाली.

आजची आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा बाळंतिणीच्या घरी जाते. बाळ दूध ओढत नाही, अंग गार लागतंय, हे आधी तिला कळतं. ती चिठ्ठी घेऊन येते तेव्हा तिला खुर्ची मिळते का, हे कुठल्याही दवाखान्यात पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. दर्जा तपासायला फार लांब जावं लागत नाही.

नव्या महाविद्यालयाकडे एकच मागणं आहे. एमबीबीएसची पोरं, नर्सिंगच्या मुली, आशाताई आणि १०८चा चालक यांना महिन्यातून एकदा एकाच खोलीत, एकाच पुतळ्यावर सराव करू द्या. थापटण्याची सुरुवात मात्र प्राध्यापकांपासून व्हावी.



— संपादक