सन्मानचिन्ह आणि मानधन

२८ जानेवारी २०२४ रोजी गांधीनगर येथे फिल्मफेअर पारितोषिकांचा ६९ वा सोहळा पार पडला. मुंबईत जन्मलेला हा समारंभ गुजरातेत गेला तो त्या राज्याच्या पर्यटन महामंडळाने आयोजकांशी केलेल्या करारामुळे. तारे-तारकांच्या पाठोपाठ प्रसिद्धी येते आणि प्रसिद्धीच्या पाठोपाठ प्रवासी, असा त्यामागील सरळ हिशेब होता. त्याच दिवसांत महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविका संपावर होत्या. फेब्रुवारीत त्या हजारोंच्या संख्येने मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसल्या. शासनाने कबूल केलेल्या मानधनवाढीचा लेखी आदेश निघावा, एवढीच त्यांची मुख्य मागणी होती.

या दोन घटना शेजारी मांडल्या की चित्रसृष्टीच्या झगमगाटावर कोरडे ओढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. १९५४ साली ही पारितोषिके सुरू झाली तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचा पहिला मान बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला मिळाला होता, जमीन राखण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी. नटनट्यांनी एकमेकांचा गौरव करावा आणि रसिकांनी तो कौतुकाने पाहावा, यात कोणाचे काही हिरावले जात नाही. खरी अडचण निराळीच आहे. पारितोषिक समारंभाची ही रीत आपण सेवाकार्यालाही लावली आहे, आणि तेथे ती नुसती अपुरी नव्हे, तर अपायकारक ठरते.

समारंभाला एक चेहरा लागतो. माणसांचे आयुष्य पालटणारे काम मात्र त्या एका चेहऱ्यावाचून चालू लागते तेव्हाच सफल होते. गडचिरोलीचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ साली त्या जिल्ह्यात कामाला लागले. नवजात अर्भक वाचवायचे तर रुग्णालय व तज्ज्ञ डॉक्टर हवेत, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. या दांपत्याने गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना शिकवून तयार केले. घरी जाऊन बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब मिळेल असे पाहणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे त्या करू लागल्या. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. बंग दांपत्याला २००३ साली ‘महाराष्ट्र भूषण’ आणि २०१८ साली ‘पद्मश्री’ मिळाली. हे सन्मान यथोचितच होते. परंतु मध्यरात्री कंदील घेऊन बाळंतिणीच्या घरी जाणारी बाई कोणत्याही व्यासपीठावर मावत नाही, कारण ती एक नाही, अनेक आहे.

या पद्धतीचा गाभा केंद्र शासनाने २०११ पासून देशभर स्वीकारला आणि तो भार आशांवर टाकला. प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत सहा किंवा सात गृहभेटी, आणि त्या सर्वांचा मिळून मोबदला २५० रुपये. म्हणजे एका भेटीस ५० रुपयेही नव्हेत. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार देऊन गौरव केला. व्यक्तीऐवजी समूहाला मिळालेला हा मान दुर्मीळच म्हणायचा. राज्यकर्त्यांनी अभिनंदनाचे संदेश धाडले, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले.

अपाय होतो तो येथे. गौरव झाला की देणे फिटले, अशी समजूत आपसूक रूढ होते. सेवा पवित्र, म्हणून सेविकेने वेतनाची भाषा बोलू नये, अशी अपेक्षाही त्यातून वाढीस लागते. सेवेला मोल नसते, हे सेवा करणाराने म्हटले तर शोभते. ती करवून घेणाराने म्हटले तर त्याला कावाच म्हणावे लागेल. चित्रपटातील नायकाला पारितोषिक मिळते ते त्याच्या मानधनाखेरीज. त्याचा करार आधी होतो, बाहुली मागाहून हाती येते. एखाद्या निर्मात्याने बाहुली देऊन मानधन बुडवले, तर तो नट दुसऱ्या दिवशी कामावर येणार नाही, आणि त्याला कृतघ्नही कोणी म्हणणार नाही. आशा संपावर गेली की मात्र गरोदर स्त्रियांचे काय होईल, असा सवाल तिलाच केला जातो. तिच्यावाचून एवढे अडते, तर तिचे मूल्य किती, हा त्यातूनच निघणारा दुसरा सवाल सहसा कोणी करीत नाही.

महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशांच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ देणारा शासन निर्णय अखेर मार्च २०२४ मध्ये निघाला. जिनिव्हातील गौरवाला तोवर २२ महिने होऊन गेले होते. कर्मचारी हा दर्जा मात्र त्या निर्णयाने त्यांना दिला नाही. शासनदप्तरी त्यांचे पदनाम ‘स्वयंसेविका’ असेच राहिले.