पिंगळा की रानपिंगळा?

नेपानगर म्हटलं की घरातल्या मोठ्यांना वर्तमानपत्राचा कागद आठवतो. १९५६ साली पंडित नेहरूंनी देशाला अर्पण केलेली नेपा मिल, आणि तिच्यासाठी जंगलातून येणारी सालई नि बांबू. तिथे पक्षी बघायला जावं असं मात्र फारसं कुणाला सुचत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अकराजण तिथल्या एका ओळखीच्या शेतावर गेलो. एकीकडे केळी, दुसरीकडे हरभरा, बांधावर बाभळी आणि एक जुनी चिंच. पहिला तास नावांच्या भांडणातच गेला. तारेवरचा निळ्या पंखांचा पक्षी मुलांचा नीलकंठ, आजोबांचा तास आणि पुस्तकातला नीलपंख! टिटहरी म्हणजेच टिटवी, हे तिनेच ओरडून पटवलं. सातभाई मात्र दोन्ही भाषांत सातभाईच.

चिंचेच्या ढोलीपाशी पिंगळ्यांची जोडी बसली होती. अकरावीतल्या भाचीने वहीत लिहिलंसुद्धा : रानपिंगळा.

"मावशी, याच जिल्ह्यात खकनारच्या जंगलात सापडलाय तो. मी वाचलंय."

वाचलेलं खरं होतं. पण मी म्हटलं, डोकं बघ. डोक्यावर दाट पांढरे ठिपके, पांढऱ्या भुवया, म्हणजे हा गावातला साधा पिंगळा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच, छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, चोच नि पंजे दांडगे. आणि तो राहतो सागाच्या रानात.

ती खट्टू झाली. एका शब्दासाठी एवढा काटेकोरपणा कशाला, असं तिच्या बाबांनाही वाटलं. मग मी त्यांना कर्नल माइनर्टझागेनची गोष्ट सांगितली. रानपिंगळ्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केलं. १८८४ नंतर तो कुणाला मिळाला नाही. या कर्नलसाहेबांनी मात्र १९१४ साली तापीकाठी मांडवीला एक मिळवल्याची नोंद केली. लोक त्या नोंदीवर विसंबून शोधत राहिले. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता, पुन्हा पेंढा भरून नवी चिठ्ठी लावलेला! पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, खोटी जागा बाजूला सारली आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्या व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या रानात जिवंत रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी.

भाचीने खोडरबर मागितलं. वहीत आता आहे : पिंगळा, २, चिंच, सकाळी ८.१०.

पुढची फेरी खकनारच्या बाजूला, वनखात्याची परवानगी मिळाली की. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. दुर्बिणी तीनच आहेत. कुणाच्या कपाटात एखादी पडून असेल तर मंडळात आणून द्या.