यादी करणारा म्हातारा

गेल्या डिसेंबरात पुण्याहून दोन आठवड्यांची सुट्टी आणि थोडं वर्क फ्रॉम होम असं जमवून वसईला घरी गेलो होतो. पहिल्याच रात्री जेवताना दादाची मुलगी, वय वर्षं पाच, भेंडी खायला तयार नव्हती. वहिनीने फार वाद घातला नाही. मोबाइल काढला, एक अ‍ॅप उघडलं आणि ताटासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं. स्क्रीनवर लाल टोपीतला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला. त्याने पोरीला नावाने हाक मारली आणि इंग्रजीत सांगितलं की तू भाजी खात नाहीस असं माझ्या कानावर आलंय, तुझं नाव कुठल्या यादीत टाकायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

पुतणीने भेंडी खाल्ली. एकेक तुकडा, स्क्रीनवरून नजर न हलवता. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

रात्री मी ते अ‍ॅप उघडून पाहिलं. व्यवसायच तो माझा, दुसऱ्याने केलेला फॉर्म दिसला की मी तो वाचतो. मुलाचं नाव, वय, फोटो. आवडतं खेळणं. मग एक यादी: भाजी खात नाही, झोपायला त्रास देतो, भावंडांशी भांडतो, रडतो. यातलं लागू पडेल त्यावर टिक करा. शेवटी निकाल: चांगली यादी, वाईट यादी, किंवा 'अजून ठरायचंय'. यातला तिसरा पर्याय ज्याने काढला त्याला मी प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून लगेच ओळखलं. पोराला टांगून ठेवलं तर आई-बाप उद्या परत अ‍ॅप उघडतील.

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर कंपन्यांनी पाळत ठेवू नये, अशी तरतूद आहे. कायदेमंडळाला जे धोक्याचं वाटलं, तेच आम्ही लाल टोपी घालून जेवणाच्या ताटासमोर आणून ठेवतो, आणि त्याला ख्रिसमसचं वातावरण म्हणतो.

पण माझं भांडण अ‍ॅपशी नाही. अ‍ॅप डिलीट करता येतं. भांडण आहे त्या यादीशी, आणि ती आपल्या घरांत इतक्या निमूट कशी शिरली, याच्याशी. 'आपल्या' म्हणजे आमच्या, ख्रिस्ती घरांत. जे घरी नाताळ पाळत नाहीत, फक्त सोसायटीच्या क्लबहाउसात मुलांना लाल टोपी घालून केक खाऊ घालतात, त्यांना मी काय बोलणार? आणि दर डिसेंबरात सांता म्हणजे धर्मांतराचा डाव असे निरोप फिरवणाऱ्यांना एक विनंती: हा लेख पुढे पाठवू नका. मी तुमच्या बाजूचा नाही. हे घरातलं भांडण आहे.

तर, पंचवीस तारीख. पुतणीला सांताने सायकल दिली. गुलाबी, पुढे टोपली असलेली, बाजूला दोन छोटी चाकं. आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा तिच्याच वयाचा. सकाळी फराळाचं ताट घ्यायला आईबरोबर आला होता. आमच्याकडे दिवाळीला शेजारपाजारहून ताटं येतात आणि नाताळला आमची ताटं जातात, करंज्या, शंकरपाळी, केक, सगळं एकत्र. त्याला आमच्याकडून एक रंगपेटी मिळाली. तो सायकलला हात लावून बघत होता. पुतणीने त्याला विचारलं, "तुला सांताने काय दिलं?" तो म्हणाला, "काय नाय." मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी सरळ, कसलाही दुष्टपणा नसलेल्या आवाजात म्हणाली, "काका, हा बॅड लिस्टमध्ये आहे का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आम्हीच तिला दोन विधानं शिकवली होती. सांता सगळ्या मुलांकडे येतो. सांता चांगल्या मुलांनाच देतो. समोर एक मुलगा उभा आहे ज्याला काही मिळालेलं नाही. निष्कर्ष पाच वर्षांच्या पोरीने काढला आणि तो बिनचूक होता. माझ्या टीममधल्या अर्ध्या लोकांना इतकं नीट डीबग करता येत नाही.

मावशींनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्या ताट घेऊन गेल्या.

हे लिहायला मला वर्ष का लागलं, तर मध्ये मला बरंच काही ऐकवून झालं. दादा म्हणाला, तू लग्न कर, पोर होऊ दे, मग बोल. वहिनी म्हणाली, भेंडी तू भरव. दोन्ही मुद्दे मान्य. मित्र म्हणाला, तुला बालपणातली जादूच कळत नाही. हा मुद्दा मात्र मान्य नाही. जादू मला कळते. रात्रीतून उशाशी काहीतरी येऊन पडणं, ही जादू. ते तुझ्या वर्षभराच्या वागणुकीचं मूल्यमापन करून आलेलं असणं, हे अप्रेझल. मी अप्रेझलमध्येच जगतो. दर मार्चमध्ये कुणीतरी मला पाचपैकी गुण देतं आणि मग बेल कर्व्हमध्ये बसवण्यासाठी ते कमी करतं. पाच वर्षांच्या मुलीला हे शिकवायची घाई कशाला? तिला हे सगळं मिळणारच आहे, आणि तेही फुकट.

अमेरिकेत २००५ साली 'द एल्फ ऑन द शेल्फ' नावाचं मुलांचं पुस्तक निघालं, बरोबर एक बाहुला. हा बाहुला दिवसभर फळीवर बसून मुलांवर नजर ठेवतो आणि रोज रात्री सांताकडे जाऊन अहवाल देतो. सकाळी तो वेगळ्या जागी बसलेला असतो, म्हणजे तो रात्री जाऊन आला हे मुलांना कळावं. हा बाहुला आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो. वहिनीच्या कार्टमध्ये तो मी पाहिला तेव्हा मला हेरोद राजा आठवला.

गंमत म्हणून म्हणत नाही. नाताळची गोष्ट मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे, दोन्ही मिळून वाचायला दहा मिनिटं लागतात. लूकची गोष्ट सुरू होते एका यादीने. कैसर औगुस्ताने फर्मान काढलं की सगळ्यांची नोंदणी व्हावी, म्हणून गरोदर मरिया आणि योसेफ बेथलेहेमच्या वाटेला लागले. मत्तयच्या गोष्टीत हेरोद आहे. तो पूर्वेच्या ज्ञानी लोकांना सांगतो, बाळ कुठे आहे ते शोधा आणि मला येऊन कळवा. ते कळवत नाहीत, दुसऱ्या वाटेने घरी जातात. म्हणजे या सगळ्या गोष्टीत यादी करणारा एकच आहे, तो सम्राट. लहान मुलाची खबर मागणाराही एकच, आणि तो खुनी. बाकी मेंढपाळ आहेत, ज्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही वर्षभर नीट वागलात का. त्यांना थेट बोलावणं आलं. चर्चमध्ये आम्हाला लहानपणापासून शिकवतात की कृपा कमवता येत नाही, ती दिली जाते. मग त्याच कृपेच्या वाढदिवसाला आम्ही मुलांना उलटं का शिकवतो?

कुणी म्हणेल, सांता म्हणजे संत निकोलसच, आपलाच माणूस. हो ना. चौथ्या शतकातला मायराचा बिशप, हे गाव आजच्या तुर्कस्तानात आहे, सण ६ डिसेंबरला. त्याची सगळ्यात प्रसिद्ध कथा अशी: एका माणसाच्या तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत, मुलींना विकायची वेळ आलेली. निकोलस रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकतो. त्या मुली भेंडी खात होत्या का, असं कथेत कुठे विचारलेलं नाही. निकोलसने गरज पाहिली, वागणूक नाही. आणि आपलं नाव कळू नये म्हणून धडपड केली. याचा सांता होईपर्यंत बरीच वळणं गेली. युरोपात त्याच्याबरोबर छडीवाले सोबती आले. न्यूयॉर्कमध्ये १८२१ च्या एका कवितेत तो स्वतःच हट्टी मुलांच्या आई-बापांसाठी छडी ठेवून जाऊ लागला. १९३४ च्या एका अमेरिकन गाण्याने यादी पक्की केली. कोकाकोलाने १९३१ पासून हॅडन संडब्लॉमकडून जाहिरातींसाठी त्याची चित्रं काढून घेतली. लाल कपडे कोकाकोलाने दिले असं सगळे सांगतात, ते मात्र खरं नाही, लाल सांता आधीही होता.

मी शुद्धतावादी नाही. वसईच्या माणसाला ते परवडणारच नाही. आमचे पूर्वज सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले, १७३९ साली चिमाजी अप्पाने किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आम्ही राहिलो. नाताळ हा शब्द पोर्तुगीज, करंजी इथली, घरावरची चांदणी आता चिनी एलईडीची. गोठ्याची परंपरा इटलीतल्या ग्रेचो गावात १२२३ साली संत फ्रान्सिसने खरे प्राणी आणि खरं गवत आणून केलेल्या देखाव्यापासून धरतात. सगळंच बाहेरून आलेलं. पण बाहेरून आलेल्या गोष्टीत निवड करता येते. गोठा आम्ही घेतला आणि इतका आपलासा केला की त्यात भाताचा पेंढा आला. यादी आम्ही न निवडताच घेतली.

गोठ्याबद्दल थोडं सांगतो, कारण ते मला आवडतं. डिसेंबरच्या सुरुवातीला आजी जुन्या ताटल्यांत आणि करवंट्यांत माती भरून नाचणी आणि गहू पेरायची. पाणी घालायचं काम आम्हा पोरांचं. चोवीस तारखेपर्यंत बोटभर हिरवळ उगवायची, ती गोठ्यापुढे शेत म्हणून मांडायची. कधी पाणी जास्त व्हायचं, कुजायचं. कधी कोंबडी खायची. एका वर्षी माझ्या ताटलीत काहीच उगवलं नाही, तर आजीने तिच्यात खडे रचून तळं केलं आणि प्लास्टिकचं बदक ठेवलं. बेथलेहेममध्ये बदक. गव्हाणीतलं बाळ चोवीसच्या रात्रीपर्यंत कपाटात असायचं. मिस्सा संपवून घरी आल्यावर घरातल्या सगळ्यात लहान मुलाने ते ठेवायचं. अर्धवट झोपेत, दोन्ही हातांनी.

आता मला अडचणीत आणणारी गोष्ट. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातही मोजणी होती. आगमन काळात एक चांगलं काम केलं की रिकाम्या गव्हाणीत एक काडी टाकायची. आईला पाणी भरू लागलो, एक काडी. भावाला मारलं नाही, एक काडी. मी फसवायचो, मूठभर टाकायचो. वहिनीने हे बरोबर पकडलं. म्हणाली, तुमची काडी आणि माझं अ‍ॅप यात फरक काय?

या प्रश्नावर मी बरेच दिवस घालवले. फरक आहे, असं मला वाटतं. काडी टाकताना मला काही मिळणार नव्हतं. ती दुसऱ्याच्या अंथरुणासाठी होती, थंडीत येणाऱ्या एका बाळाला टोचू नये म्हणून. कुणाच्या काड्या किती, हे कुणी लिहून ठेवत नव्हतं. एकदा गव्हाणीत पडली की माझी काडी कुठली ते मलाही सांगता येत नसे. आणि काड्या कमी पडल्या म्हणून बाळ आलं नाही, असं कधी झालं नाही. वहिनीला हे पटलं का? अर्धं. ती म्हणाली, तुझ्या मूठभर काड्यांमुळे बाळाला जास्त मऊ लागलं असेल, म्हणजे फसवणूकच फायद्याची. मला उत्तर सुचलं नाही.

सांताला हाकलून द्या असं माझं म्हणणं नाही. चर्चच्या आवारात कुणीतरी उशी पोटाला बांधून चॉकलेटं वाटतो, घामाने त्याची दाढी सुटते, पोरं त्याला ओळखतात आणि तरीही हसतात. तो राहू दे. आमच्याकडे दुसराही एक म्हातारा असतो, एकतीस डिसेंबरचा, जुन्या कपड्यांत पेंढा भरून केलेला. पोरं त्याच्या नावाने पैसे गोळा करतात आणि रात्री बारा वाजता त्याला जाळतात. तोही कुणाची यादी करत नाही.

माझी मागणी लहान आहे. भेटवस्तूवर देणाऱ्याचं नाव लिहा. दादाने त्या सायकलसाठी दोन महिने ओव्हरटाइम केला, हे मला माहीत आहे, पोरीला माहीत नाही. तिने उत्तर ध्रुवाच्या दिशेने थँक्यू म्हटलं. दादाला ते पाहून बरं वाटलं असेलही, पण सायकल बाबांनी घेतली हे कळलं असतं तर निदान त्या सकाळचा प्रश्न वेगळा झाला असता. ह्याच्या बाबांनी सायकल का नाही घेतली? हा प्रश्नही अवघड आहे. त्याचं उत्तर आमच्या वाडीत मजुरी किती देतात, तिथपर्यंत जातं. पण तो आम्हा मोठ्यांना विचारलेला प्रश्न आहे. 'हा बॅड आहे का' या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्या मुलाला उभं केलं होतं.

यंदा अ‍ॅप नाही, एवढं वहिनीने कबूल केलंय. एल्फ कार्टमधून काढला की नाही, मी विचारलेलं नाही. नाचणी मागच्या रविवारी पेरली, तीन ताटल्या. एक पुतणीची, एक माझी, एक त्या मुलाची. तो रोज संध्याकाळी आईबरोबर येतो तेव्हा पाणी घालतो. त्याची सगळ्यात आधी उगवली, आणि पुतणी त्यावरून दोन दिवस रुसून बसली आहे.